तिसरा वेढा

माझ्या बापानं मला फसवलं. माझ्या भावानं, दस्तगीरनं, ते चार वर्षं शेजारी बसून बघितलं आणि तोंड उघडलं नाही. त्यात जमीन नव्हती, दागिना नव्हता. एक गाठ होती, रेशमाच्या दोऱ्याची, ज्वारीच्या दाण्याएवढी. ज्यांना एवढ्याशा गाठीचं काय घेऊन बसली ही बाई असं वाटेल त्यांनी खुशाल पुढचं प्रकरण उघडावं. माझ्या हातांनी आजवर जे काही बांधलं, मोठमोठ्या इमारतींच्या भिंतींवर माझं जे काही लटकतंय, ते सगळं त्या एका गाठीच्या रागातून आलं आहे. राग अजून गेलेला नाही. जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे, कारण तो गेला तर माझ्या बोटांना काम सुचेल की नाही याची मला खात्री नाही.

आम्ही पटवेगर. सोनार मणी करतो, वाटी करतो. ते दोऱ्यात ओवून, गाठवून गळ्यात घालण्याजोगं करतो तो पटवेगर. मंगळसूत्राची काळी पोत, लेकराच्या कमरेचा करदोडा, आमच्या बायकांच्या लग्नातला लच्छा, बैलांच्या शिंगांचे गोंडे आणि लिंगायतांच्या गळ्यातल्या लिंगाचा दोरा, म्हणजे शिवदारा, सगळं आमच्या उंबऱ्यावरून जायचं. कुणाचा देव कुठला हे आमच्या घरात कुणी विचारत नसे. दोरा किती पदरी हवा एवढंच विचारायचे. कामाची रीत अशी की उजव्या पायाच्या अंगठ्यात दोऱ्याचं टोक अडकवायचं, गुडघा दुमडून ताण धरायचा आणि मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी वेढे घालायचे. पाय हेच आमचं यंत्र. वर्षानुवर्षं दोरा एकाच जागी रुतत गेला की अंगठ्याला खाच पडते. माझ्या अंगठ्याला ती आहे. परवा चप्पल घेताना दुकानदार म्हणाला, "मावशी, इथं काय लागलं होतं का?" मी म्हटलं, "व्हय, बाप लागला होता." तो बिचारा गप्प झाला आणि मी त्या गप्प होण्याचा फायदा घेऊन चप्पल मला हव्या त्या भावात घेतली.

नळदुर्गात आमचं घर बाजाराच्या तोंडाशी. पुढच्या खोलीत दुकान, मागं चूल. हायवे तिथून हाकेवर, त्यामुळं माझ्या लहानपणात शांतता अशी नव्हतीच. सोलापूरकडून येणारे आणि हैदराबादकडं जाणारे ट्रक सारखे गिअर बदलायचे, आणि प्रत्येक हॉर्नला आमच्या कोनाड्यातल्या पितळी वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. अब्बा दोऱ्याला पीळ द्यायची चाती फिरवायचे, तिचा घूं असा बारीक आवाज दिवसभर. चुलीच्या कडेला मेणाची वाटी पातळ होत ठेवलेली असायची, म्हणून अम्माच्या भाकरीला थोडा मेणाचा वास, आणि आमच्या दोऱ्यांना थोडा अंबाडीच्या भाजीचा. अम्मा खट्टी दाल करायची, त्यात चिंच जरा जास्तच, जेवताना अब्बा दरवेळी डोळे मिटायचे आणि दरवेळी म्हणायचे, "आज जरा जास्त झाली." घरात आम्ही दखनी बोलायचो. इथं मी ते बोलणं मराठीत उतरवते आहे. एखादा शब्द तसाच राहून गेला तर चालवून घ्या.

मी चवथी पास झाल्यावर अब्बांनी मला कामाला बसवलं. त्यांची नजर मंद व्हायला लागली होती, सुईचं भोक सापडेना, आणि काम तर लगीनसराईत ढिगानं यायचं. दस्तगीर माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो आधीच बसत होता, पण मन लागायचं नाही; टाका घालता घालता हायवेवरच्या गाड्यांची नावं वाचत बसायचा. माझं उलट होतं. पहिल्या आठवड्यात मी पीळ शिकले, महिन्यात गोंडा, पावसाळा संपेपर्यंत पाच पदरांची वेणी. उरली फक्त शेवटची गाठ. दोन्ही पदर एकत्र येतात तिथं तीन वेढे द्यायचे, टोक सुईनं आत ओढायचं, मेण लावायचं आणि नखानं दाबायचं. माल टिकतो तो या गाठीवर. नळदुर्गच्या पटवेगराचा दोरा तुटेल पण सुटणार नाही, असं पार गुलबर्ग्यापर्यंतचे सोनार सांगायचे, ते याच गाठीमुळं. अब्बांनी मला ती एका दुपारी शिकवली. माझी बोटं त्यांच्या बोटांत धरली. पहिला वेढा, दुसरा वेढा, तिसरा वेढा, ओढ. "आली?" म्हणाले. आली म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो, आणि म्हणूनच त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

पुढं चार वर्षं दस्तगीर आणि मी पाठीला पाठ लावून बसलो. खोली लहान, दोघांनाही पाय पसरायला जागा हवी, म्हणून तो भिंतीकडं तोंड करून आणि मी दाराकडं. एकमेकांचे हात कधी दिसत नसत. तेव्हा मला वाटायचं की खोलीच तशी आहे. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात यायची: ओळखीच्या घरातलं काम, लग्नाची पोत, सोनाराकडून आलेलं मंगळसूत्र, हे सगळं भावाकडं जायचं. माझ्याकडं ट्रकांचे गोंडे, उरुसातल्या दुकानांचा माल, वाटसरूंचे करदोडे. जो माणूस पुन्हा दिसणार नाही त्याचं काम माझं. मी एकदा विचारलंही. अब्बा म्हणाले, "ट्रकवाल्यांशी बोलायला तोंड लागतं. ते तुझ्याकडं हाय." मला ते कौतुक वाटलं. माझ्यासारख्या हिशेबी पोरीला ते कौतुक वाटलं, याचीच मला आज जास्त चीड येते.

पण तोंड माझ्याकडं होतं हे खरं. काळ्या गोंड्यांची माळ खांद्यावर टाकून मी ढाब्यांवर जायची. ड्रायव्हर लोक गाडीला नजर लागू नये म्हणून पुढं गोंडे बांधायचे. त्यांच्याशी भाव करणं ही माझी खरी शाळा. आधी गाडीची तारीफ करायची नाही. गाडीत खोट काढायची. "एवढी चांगली गाडी आणि तोंड विधवेसारखं," असं म्हटलं की अर्धं काम झालं. लातूरकडचा एक ड्रायव्हर होता, त्याला ढाब्यावर सगळे मामा म्हणायचे. पोट पुढं, आवाज बारीक. तो मला म्हणायचा, "तू पोरगी न्हाईस, टोलनाका हाईस." हा मामा एकदा भुसा भरलेल्या गाडीवर ताडपत्री आवळत होता. एकटाच, आणि रस्सी अशी कशी आवळली जाते, की क्लीनरनं वर उडी मारली तरी ढिली होत नाही, हे मला कळेना. रस्सीला मधेच एक डोळा पाडायचा, टोक खालच्या आकड्यातून फिरवून त्या डोळ्यातून काढायचं, उलटं ओढायचं, मग त्याच्यावर दोन वेढे. जितका भार येईल तितकी ती जास्त चावते. मी म्हटलं, "मामा, हे मला शिकवा." तो म्हणाला, "तुला काय करायचंय, ट्रक चालवणार हाईस?" मी म्हटलं, "एक गोंडा फुकट." तो विचार करू लागला. "दोन." मी म्हटलं, "दीड." मामा इतका हसला की रस्सी हातातून सुटली. दीड गोंडा म्हणजे काय हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. एक मोठा आणि एक छोटा दिला. गाठ शिकून घेतली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात फायद्याचा सौदा, पण ते कळायला अजून वेळ होता.

मडोळप्पा नावाचे एक लिंगायत म्हातारे नळदुर्गपासून चार-पाच कोसांवरच्या खेड्यातून आठवडी बाजाराला यायचे. पांढरं धोतर, खांद्यावर पिशवी, पिशवीत स्वतःचा पितळी तांब्या. सगळे त्यांना आप्पा म्हणत. बोलणं तिरकस, पण आवाज कधी चढायचा नाही. ते आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या वडिलांचाही शिवदारा आमच्या आजोबांनी केलेला. एका बाजारी ते आले तेव्हा दुकानात मी एकटी. अब्बा नमाजाला, भाऊ रेशीम आणायला सोलापूरला. आप्पांचा दोरा जीर्ण झाला होता. नवा हवा होता, आजच. मी म्हटलं, मी करून देते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "येतं?"

"चार वर्षं काय माश्या मारते व्हय, आप्पा?"

"तोंड तर लई येतं," ते म्हणाले आणि बसले.

त्यांनी गळ्यातली चांदीची डबी उघडली, आतलं लिंग रुमालात घेऊन डाव्या मुठीत धरलं, आणि रिकामी डबी माझ्यापुढं ठेवली. दोरा होईपर्यंत ती मूठ त्यांनी छातीपासून हलवली नाही. डास चावला तरी उजव्या हातानंच मारला. मी मोरपंखी रेशीम निवडलं, कारण पांढऱ्या सदऱ्यावर ते शोभेल असं मला वाटलं. पाच पदर, डबीच्या दोन्ही कड्यांतून ओवलं, शेवटची गाठ घातली, मेण लावलं, दाबलं. किमतीच्या घासाघिशीत आप्पा माझ्यापेक्षा वरचढ निघाले, तेवढं सोडलं तर ती माझ्या आयुष्यातली पहिली खरी कमाई होती. ओळखीच्या माणसाचं, पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या माणसाचं काम.

अब्बा परत आल्यावर मी नाचतच सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "कुणाला दिलास?" त्यांनी पुन्हा विचारलं, जणू मी दुसरं नाव सांगेन. मला वाटलं, भाव पाडून दिला म्हणून रागावले. मी तसं म्हणाले, तर ते चाती घेऊन बसले. त्या दुपारी चातीचा आवाज नीट येत नव्हता; सारखी थांबत होती.

दोन दिवसांनी दस्तगीरला त्यांनी आप्पांच्या गावी पाठवलं. कशाला ते मला सांगितलं नाही. तो संध्याकाळी परत आला तेव्हा हातात झाकणाचा डबा होता. आप्पांच्या घरी सण होता, त्यांनी ओसरीवर बसवून जेवू घातलं होतं आणि वर घरच्यांसाठी हुग्गी दिली होती. गव्हाची, गुळातली खीर, वरून तूप. भावानं तो डबा माझ्या हातात दिला. मागं अब्बांनी विचारलेलं मी ऐकलं, "बदललास?" तो म्हणाला, "म्हातारा ऐकत न्हाय. म्हणतो, पोरीनं केलंय, मला आवडलंय, राहू दे." अब्बा म्हणाले, "मग राहू दे." मला वाटलं रेशमाच्या रंगाचं चाललंय. मोरपंखी त्यांना भडक वाटला असेल. आप्पांना मात्र आवडला होता! मी चुलीपाशी बसून डबा बोटानं पुसून खाल्ला. इतकी गोड हुग्गी मी पुन्हा कधी खाल्ली नाही. आता तर लग्नात कुणी वाढली तरी मी ताट सरकवते, आणि लोकांना वाटतं मला साखरेचा त्रास आहे.

मधे उन्हाळा गेला. पुढं एका बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, आप्पा आमच्या दुकानासमोर येऊन उभे राहिले. डावी मूठ रुमालासकट छातीला घट्ट धरलेली. ओठ कोरडे. उजव्या हातात चेमटलेली डबी आणि माझा मोरपंखी दोरा, दोन टोकांचा. तुटला नव्हता. सुटला होता. सकाळी गाईला पाणी दाखवायला वाकले, तेव्हा दोरा सदऱ्याच्या आतून घरंगळला आणि डबी दगडावर पडली. लिंगाला काही झालं नव्हतं, त्यांच्या स्वामींनी बघून सांगितलं होतं. पण त्यांच्यात लिंग गळ्यात नसताना अन्नपाणी घ्यायचं नाही. त्यांनी घेतलं नव्हतं. वय सत्तरीच्या पुढं, आणि उन्हातून आले होते.

भोवती माणसं जमली. बाजारात बातमीला पाय लागतात. कुणीतरी म्हणालं, "पोरीच्या हातचं हाय म्हणं." दुसरा म्हणाला, "मग तेच." अब्बा उठून उभे राहिले, हात जोडले. "आप्पा, चूक झाली. पोरीचा हात कच्चा हाय. दस्तगीर, बस. तू बांध."

कच्चा. चार वर्षं माझ्या हातचा माल विकून घर चाललं, आणि बाजारासमोर माझा हात कच्चा. पण दोरा समोर सुटून पडला होता, त्याला काय उत्तर देणार? अंगठ्यानं टोक चाचपलं. मेण घामानं वितळून गेलं होतं आणि तिसऱ्या वेढ्याची वळी रेशमावर स्पष्ट दिसत होती. वेढा जिथं होता तिथून नुसता मागं सरकत आला होता. मी गाठ बरोबर घातली होती. शिकवली तशीच घातली होती. मग?

दस्तगीर बसला. गर्दी असल्यामुळं भिंतीकडं तोंड करायला जागा नव्हती, त्याला माझ्यासमोर बसावं लागलं. दोरा अंगठ्यात अडकवला. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्याचे हात बघितले. पहिला वेढा, दुसरा वेढा. तिसरा वेढा त्यानं वरून नाही घातला. खालून घातला. पहिल्या दोघांच्या पोटातून. मग टोक ओढलं तेव्हा तिन्ही वेढे एकमेकांवर चढले आणि टोक आत गायब झालं. वरून बघितलं तर माझ्या गाठीसारखीच दिसत होती. अगदी तशीच.

मी त्याचं मनगट धरलं. "हे काय केलंस?"

तो माझ्याकडं बघेना. अब्बांकडं बघायला लागला.

"जैबू, हात सोड," अब्बा म्हणाले. जैबू म्हणजे मी.

"तिसरा खालून? मला वरून शिकिवलंत."

"हात सोड म्हणतो ना."

सगळं एका दमात माझ्या समोर येऊन पडलं. पाठीला पाठ लावून बसणं, वाटसरूंचा माल, "बदललास?", हुग्गीचा डबा. ट्रकवरचे गोंडे वाऱ्यात कोरडे राहतात, त्यांची गाठ वर्षभर धरते, आणि सुटली तरी तो ड्रायव्हर विजयवाड्यात असतो. माणसाच्या छातीवर मात्र घाम असतो. मागच्या दारात अम्मा उभी होती. मी तिच्याकडं वळले. "तुला ठाऊक होतं?" ती पदराला हात पुसत म्हणाली, "मलाबी न्हाय शिकिवली, बेटी. लेकी, सुना, कुणालाच न्हाय. लेक दुसऱ्या पटवेगराच्या घरात जाते, गाठ घेऊन जाते." तिनं हे असं सांगितलं जसं कुणी सांगावं की विहिरीला यंदा पाणी कमी आहे.

शिकवायची नव्हती तर शिकवू नये. नाही म्हणावं. माझं भांडण त्या 'नाही'शी कधीच नव्हतं. ते मी सौदा करून फिरवलं असतं. पण माझे हात हवे होते, म्हणून खोटी गाठ दिली, आणि वर डोक्यावर हात ठेवला.

मी भावाच्या अंगठ्यातून दोरा ओढून घेतला. अब्बांचा हात उठला. तेव्हा आप्पा, जे इतका वेळ खांबाला टेकून उभे होते, कोरड्या आवाजात म्हणाले, "पटवेगर, मारामारी मागनं करा. मी उपाशी हाय, मला घाई हाय. आणि बांधायचं तर जिनं बांधलंतं तिनंच बांधायचं. दोष तिच्या नावावर ऱ्हायला नको."

मी बसले. मेण अजून लागलं नव्हतं, म्हणून सुईच्या टोकानं दस्तगीरची गाठ उकलली, आणि इथं मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण पुढं सगळं याच्यावर उभं आहे. त्या क्षणी मला घराण्याची गाठ येत होती. एकदा बघितली, पुरे होतं. माझी बोटं तशीच आहेत. तिसरा वेढा खालून घातला असता तर आप्पांचं काम झालं असतं, अब्बांची अब्रू राहिली असती आणि मी ती गाठ चोरून का होईना मिळवली असती. मी ती घातली नाही. जी मला दिली नाही ती मी उचलणार नव्हते. मी दोऱ्याला मधे एक डोळा पाडला, टोक डबीच्या कडीतून फिरवून त्या डोळ्यातून काढलं, उलटं ओढलं आणि वर दोन वेढे चढवले. ट्रकमामाची ताडपत्रीची गाठ, रेशमात. पहिल्यांदा सुटली. लोक हसले. दुसऱ्यांदा बसली. मेण लावलं नाही. गाठ लपली नाही, वर फुगून राहिली, काळपट, गोल, ओबडधोबड.

अब्बा वाकून बघत म्हणाले, "हे काय? गोचीड बसवलीस व्हय दोऱ्यावर?" गर्दी पुन्हा हसली.

आप्पांनी लिंग डबीत ठेवलं, दोरा गळ्यात घातला, आणि डबीला धरून दोनदा जोरात हिसका दिला. तिसऱ्यांदा तर असा ओढला की मानेवर लाल वळ उठला. मग पिशवीतला तांब्या काढला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि घोट घोट करत सगळा रिकामा केला. तांब्या खाली ठेवून अब्बांकडं बघितलं. "गोचीड सुटत न्हाय, पटवेगर," म्हणाले, आणि बाजाराकडं निघून गेले.

त्यानंतर मी त्या खोलीत कामाला बसले नाही. ढाब्याच्या मागं एका पत्र्याखाली स्वतःची बैठक मांडली. गोचीड गाठीनं आधी गोंडे केले, मग रश्शीत तीच गाठ मोठी करून जाळ्या, झुले, मग असं काही की ज्याचा उपयोग काय ते मलाही सांगता येईना. फक्त हात थांबत नव्हते. रेशीम, सुतळी, ट्रकची टाकून दिलेली दोरी, जे हाताला येईल ते. एका प्रवासी बाईंनी ढाब्यावर टांगलेली एक लांबलचक जाळी बघितली आणि ती शहरात नेली, तिथून पुढचं तुम्ही मागच्या पानांवर वाचलंच आहे. आज छतापासून जमिनीपर्यंत लोंबणारी माझी कामं बघून लोक त्यांच्यात नद्या बघतात, केस बघतात, मुळं बघतात. बघू देत. मी प्रत्येकीचं नाव गोचीडच ठेवते. अब्बांनी दिलेली तीच एक वस्तू खरी निघाली.

आप्पा पुढं बरीच वर्षं जगले. ते गेल्यावर त्यांचा नातू मुद्दाम मला सांगायला आला. त्यांच्यात बसवून पुरतात, लिंग सोबत असतं. म्हाताऱ्यानं सांगून ठेवलं होतं, दोरा बदलायचा नाही. नातू म्हणाला, "मोरपंखी रंग पार उडालाता, पण गाठ तशीच." मी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर दुप्पट वेगानं कामाला लागले, कारण बसून राहिलं की मला अजूनही त्या खोलीतला चातीचा आवाज ऐकू येतो.

अब्बांनी मरेपर्यंत त्या दिवसाचा विषय काढला नाही. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या पायाशी बसले होते. त्यांनी माझा पाय ओढून अंगठ्याची खाच बोटानं चाचपली, दोन-तीनदा, जसा रेशमाचा पीळ तपासत. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "दस्तगीरला बोलाव." मी बोलावलं.

हे सगळं मी गिळून बसले होते. पण आता दस्तगीर, ज्यानं अब्बा गेल्यावर महिनाभरात दुकान बंद करून टायरचा धंदा मांडला, तो धाराशिवला माझ्या कामाचं प्रदर्शन लागलं तेव्हा पांढरा शर्ट घालून आला. आणि माइक हातात घेऊन शंभर लोकांपुढं म्हणाला, "ही आमच्या घराण्याची गाठ. अब्बांनी आम्हा दोघांना एकाच दुपारी, एकाच चटईवर शिकवली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. आता माझ्या कामाखालच्या पाटीवरसुद्धा तसंच लिहायचं चाललंय; प्रदर्शनाचं काम बघणारी मुलगी मला फोनवर म्हणाली, "किती सुंदर आहे ना मॅडम, बापलेकीचं!" मी फोन ठेवला, नाहीतर त्या निरागस पोरीला काहीबाही बोलले असते.

म्हणून हे प्रकरण. दस्तगीर, तू आता हे वाचतोयस, मला ठाऊक आहे. तू वाचणार नाहीस तर तुझी सून वाचून दाखवील. तू माझा मोठा भाऊ आहेस, मी तुला सलाम करते, ईदला शीरखुर्मा पाठवते, ते पाठवत राहीन. पण पुढच्या वेळी माइक हातात घेशील तेव्हा आधी माझ्यासमोर बस, भिंतीकडं तोंड न करता, आणि माझी गाठ बांधून दाखव. रेशीम मी आणीन. जमली नाही तर अब्बांची बांध, ती मी ओळखते. आणि मग सगळ्यांना सांग, त्या संध्याकाळी तू आप्पांच्या गावाहून परत आलास, म्हाताऱ्याचा दोरा कुठल्याही दिवशी भर रस्त्यात सुटेल आणि नाव माझं जाईल हे तुला पक्कं ठाऊक होतं. मी दारात उभी होते, मला आनंद झाला होता. तेव्हा हुग्गीचा डबा माझ्या हातात देताना तू एक शब्द का बोलला नाहीस? अब्बा गेले, अम्मा गेली. आता विचारायला तूच उरलास. बोल.